दुखण्याच्या वेळी कुठं विचारायचं?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील आरोग्य शिबिरात एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी काही कीर्तनकार नाही. उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. गावोगावच्या लोकांनी मला 'नर्सबाई' म्हटलं आणि तेच नाव राहिलं. दिंडीच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, "बाई, थोडं बोला, पण कामाचं बोला." तेव्हा कामाचंच बोलते.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत जुन्या माणसांनी आपल्याला अभंग दिले, चाली दिल्या, नेम दिला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिली, ती आपल्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे वाटेची माहिती. कोणत्या गावाची विहीर गोड, दिवेघाट चढायच्या आधी किती खायचं, कुठल्या तळावर चिखल होतो आणि पाल कुठं ठोकायचं. हे कुणी पुस्तकात लिहिलं नव्हतं. आजोबांनी नातवाला चालता चालता सांगितलं. पूर्वी आषाढीच्या गर्दीत पटकीची भीती असायची. त्या काळात पाणी कुठलं प्यायचं आणि कुठलं नाही, ही माहिती म्हणजे जीव वाचवायचं साधन होतं.

आज पटकीची ती दहशत राहिली नाही. औषधं आली, दवाखाने आले, गाड्या आल्या. तरी माणसं हकनाक जातात, घरं कर्जात बुडतात. माझ्या नोकरीत मी पाहिलं, की पुष्कळदा उपचार होता, पैशाची सोयही होती, फक्त कुठं जायचं आणि कुणाला विचारायचं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून आज मला एवढंच सांगायचं आहे, की दुखणं यायच्या आधी पत्ता माहीत करून ठेवा.

वारीत एखादी म्हातारी चुकली तर ती काय करते? 'विठ्ठल विठ्ठल' म्हणते हे खरंच, पण त्याबरोबर समोरच्याला विचारते, "माउली, रथामागं अमुक नंबरची दिंडी कुठं लागली?" नंबर पाठ असला की लाखोंच्या गर्दीतून माणूस आपल्या राहुटीत येतो. आरोग्याच्या सोयींचंही तसंच आहे. नंबर आणि पायरी माहीत पाहिजे.

पायऱ्या ओळखून ठेवा

पहिली पायरी म्हणजे आपल्या गावातली आशा ताई. साधारण हजार-दीड हजार वस्तीमागं एक आशा असते. ती आपल्याच गावची सून किंवा लेक असते. तिच्याकडं ताप-जुलाबाच्या साध्या गोळ्या असतात, क्षारसंजीवनीची पाकिटं असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुठं काय मिळतं हे तिला ठाऊक असतं.

दुसरी पायरी उपकेंद्र. सपाटीवर ५ हजार आणि डोंगरी, आदिवासी भागात ३ हजार लोकवस्तीमागं एक, असा हिशेब आहे. आता पुष्कळ उपकेंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसेल. पाटी बदलली म्हणून बिचकू नका, ते आपलंच उपकेंद्र आहे. तिथं सेविका असते, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. रक्तदाब आणि साखर तपासतात, गोळ्या देतात. गरज पडली तर 'ई-संजीवनी'वरून मोबाइल किंवा संगणकाच्या पडद्यावर डॉक्टरांशी गाठ घालून देतात.

तिसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र, ३० हजार लोकांमागं एक, डोंगरात २० हजारांमागं. तिथं डॉक्टर असतात, बाळंतपण होतं, कुत्र्याची आणि सापाची लस असते. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. आपल्या पंढरपुरातही उपजिल्हा रुग्णालय आहे, हे वारकऱ्यानं ध्यानात ठेवावं.

आणखी एक. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत केले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयांचा कारभार वेगळ्या खात्याकडं आहे, तिथले नियम वेगळे. पण गावचं केंद्र, तालुक्याचं रुग्णालय इथं "पैसे नाहीत म्हणून गेलो नाही" असं म्हणायची वेळ कुणावर येऊ नये.

पाठ करायचे नंबर

हरिपाठ पाठ करणाऱ्या मंडळींना हे चार-पाच नंबर काय जड आहेत?

१०८. ही तातडीची रुग्णवाहिका. आपल्या राज्यात २०१४ पासून चालू आहे. गाडीत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो, आणि पैसे पडत नाहीत. अपघात, छातीत कळ, सर्पदंश, बेशुद्ध माणूस, काहीही असो, पहिला फोन १०८.

१०२. ही गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठीची गाडी. घरून दवाखान्यात आणि बाळंतपण झाल्यावर परत घरी. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण सगळं मोफत असतं. ही सोय २०११ पासून आहे, तरी अजून माणसं खासगी जीप ठरवून पैसे मोजतात.

१०४. हा आरोग्याचा सल्ला आणि माहिती विचारायचा नंबर.

१४४१६. हा मनाच्या दुखण्यासाठी. 'टेलिमानस' म्हणतात, २०२२ साली सुरू झाला. रात्री-अपरात्री कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. कर्जानं खचलेला शेतकरी असो, परीक्षेत नापास झालेलं पोरगं असो, बाळंतपणानंतर उदास झालेली सून असो. मनाचं दुखणं लाजेचं नाही. गुडघा दुखला तर सांगतो, मग मन दुखलं तर का लपवायचं?

१५५३८८. हा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. त्याचं पुढं सांगते.

आता फोन कसा करायचा ते ऐका, कारण घाबरलेला माणूस नुसता "लवकर या, लवकर या" म्हणतो आणि फोन ठेवतो. गाडीनं यायचं कुठं? आधी ठिकाण सांगा. "नीरा ओलांडून लोणंदच्या दिशेनं दोन किलोमीटर आलोय, डाव्या हाताला पेट्रोल पंप आहे, रथामागं अमुक नंबरची दिंडी." असं सांगितलं की गाडीवाल्याला वाट सापडते. मग रोग्याचं वय आणि काय झालं ते. समोरचा फोन ठेवत नाही तोवर आपण ठेवायचा नाही. दोन तरणी पोरं रस्त्यावर पताका घेऊन उभी करा, बाकीच्यांनी गर्दी मागं सारा. २०२३ पासून 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' या नावानं पालखी मार्गावर तात्पुरते दवाखाने आणि रुग्णवाहिका ठेवल्या जातात. मुक्कामाला पोचलं की जसं आपण पाण्याचा नळ कुठं ते बघतो, तसा दवाखान्याचा तंबू कुठं तेही बघून ठेवावं.

बैलजोडी विकायच्या आधी

माझ्या उपकेंद्राच्या गावातली गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. चांगला कष्टाळू शेतकरी, वर्षाची वारी करणारा. हृदयाची नस तुंबली. पोरांनी घाबरून शहरात नेलं, जो दवाखाना पहिला दिसला तिथं भरती केलं. उपचार चांगले झाले, माणूस वाचला. पण बिलापायी बैलजोडी गेली, सुनेचे दागिने गेले, सोसायटीचं थकलं. मी भेटायला गेले तर ट्रंकेत केशरी रेशनकार्ड जपून ठेवलेलं. हाच उपचार योजनेत होता. ते ज्या दवाखान्यात गेले तो योजनेत नव्हता, आणि त्याच शहरात योजनेतले दुसरे दवाखाने होते. कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तो माणूस मला म्हणाला, "बाई, जीव राहिला पण जू रिकामं झालं." ते शब्द मी विसरले नाही.

म्हणून नीट ऐका. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, २०१७ पासून महात्मा फुलेंच्या नावानं आहे. केंद्राची आयुष्मान भारत योजनाही तिच्याशी जोडली आहे. आता वर्षाला कुटुंबामागं ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड असलं तरी चालतं. आणि ज्यांचं वय ७० किंवा त्याच्या वर आहे, त्यांना तर उत्पन्न न बघता आयुष्मानचं 'वय वंदना' कार्ड मिळतं. ते आधारकार्डावर निघतं. इथं समोर बसलेली निम्मी मंडळी त्यात बसतील!

चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, सगळे दवाखाने योजनेत नसतात. जे असतात त्यांना 'अंगीकृत रुग्णालय' म्हणतात. आणि एखादा दवाखाना योजनेत असला तरी प्रत्येक उपचार तिथं असेलच असं नाही. तातडी नसेल तर घरूनच १५५३८८ ला फोन करून विचारा, "हे ऑपरेशन आमच्या जिल्ह्यात योजनेतून कुठं होतं?"

दोन, दवाखान्यात गेलं की पैसे भरायच्या खिडकीकडं जायच्या आधी 'आरोग्यमित्र' कुठं बसतो ते विचारा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात तो असतो. त्याचं कामच तुमची कागदं बघून नोंद करण्याचं.

तीन, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. ट्रंकेत ठेवलेलं कार्ड कुणाच्या कामाला येत नाही. प्रत्येकाच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगा. रात्री दोन वाजता ट्रंकेची किल्ली सापडत नसते.

चार, ठरवून करायच्या ऑपरेशनला आधी मंजुरी लागते, तिला थोडे दिवस जातात, धीर धरा. पण जिवावरचं असेल तर थांबायचं नाही. तातडीची मंजुरी फोनवर घ्यायची सोय आहे. आणि योजनेत बसलेल्या उपचाराला वेगळे पैसे मागितले, तर भांडत बसू नका, त्याच नंबरवर तक्रार करा आणि जे पैसे दिले त्याची पावती मागा.

मोतीबिंदूचं तर सरकारी दवाखान्यात ऑपरेशन मोफत होतं. कळस नीट दिसेना म्हणून हळहळणारी म्हातारी माणसं आपल्या दिंडीत आहेत. कार्तिकीच्या आत त्यांना घेऊन जा.

जिथं घटका मोलाची

काही दुखण्यांत विचारत बसायला वेळ नसतो, तिथं माहिती आधीच डोक्यात पाहिजे.

साप. आपण वारीत जमिनीवर झोपतो आणि दिवस पावसाचे असतात. मण्यार रात्री फिरतो. झोपेत चावला तर दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही. घरचे म्हणतात अपचन झालं. माउली, जमिनीवर झोपलेल्या माणसाला पावसाळ्यात असं झालं तर पहिला संशय सापाचा घ्या. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही. हातपाय हलू द्यायचा नाही, धीर द्यायचा, आणि थेट दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, म्हणून साप मारून घेऊन जायची गरज नाही. घोणस, फुरशाच्या विषानं रक्त गोठत नाही. त्यासाठी डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवून बघतात. तेवढा वेळ त्यांना द्या. देवाला नवस बोला, अंगारा लावा, मी अडवत नाही. पण ते सगळं गाडीत बसल्यावर. झोपताना मच्छरदाणी घेतली आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचल्या, तर डासही येत नाही आणि सापही.

कुत्रा. चावला किंवा नुसता ओरखडा आला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मग सरकारी दवाखान्यात लस. पोटात चौदा सुया देतात ती जुनी गोष्ट झाली. आता दंडात देतात. पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेत आणखी एक औषध द्यावं लागतं. ते आपण होऊन विचारा. वारीत असाल तर पहिला डोस एका गावात आणि पुढचा दुसऱ्या गावात घेता येतो, फक्त कागद जपा. पिसाळी एकदा उठली की तिच्यावर इलाज नाही, लस मात्र खात्रीची आहे.

अर्धांग. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर मालिश करत बसू नका. रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचा स्कॅन लागतो. म्हणून जिथं स्कॅनची सोय आहे असं मोठं रुग्णालयच गाठायचं. किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

जुलाब. एक लिटर स्वच्छ पाण्यात क्षारसंजीवनीचं एक अख्खं पाकीट. अर्ध्या पेल्यात चिमूटभर टाकून उपयोग नाही. लेकराला त्याबरोबर चौदा दिवस झिंकची गोळी. टँकरच्या पाण्याला क्लोरिनचा वास आला तर तोंड वाकडं करू नका, तो वास म्हणजे पाणी निर्जंतुक केल्याची खूण आहे.

आणि साखरेची माणसं. पुष्कळजण "वारीत चालणं होतं, गोळी कशाला" म्हणून गोळ्या घरी ठेवून येतात. असं करू नका. निघायच्या आधी उपकेंद्रातून महिन्याच्या गोळ्या मागून घ्या. साखर असलेल्यांच्या पायाची जाणीव कमी होते, काटा रुतला तरी कळत नाही. त्यांनी अनवाणी चालू नये आणि रोज मुक्कामाला पाय धुऊन तळवे दुसऱ्याकडून बघून घ्यावेत. पांडुरंगाला तुमचे पाय शाबूत हवेत, पुढच्या वर्षीही चालायचंय.

खोकला लपवू नका

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं. असं असेल तर थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि साधारण सहा महिन्यांचं औषध सरकारकडून मोफत आहे. आहारासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १ हजार रुपये थेट बँक खात्यात येतात. मदतीचा नंबर १८००-११-६६६६. लग्न मोडेल, लोक लांब बसतील, या भीतीनं माणसं तालुका बदलून खासगीत जातात आणि बरं वाटलं की मध्येच औषध सोडतात. त्यातून आजार चिवट होतो आणि घरातल्या लेकरांना लागतो. दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तिथं आजारी माणसाला लांब ठेवायचं कशाला?

खोटी माहिती ओळखा

आता माहिती कमी नाही, उलट फार झाली आहे. मोबाइलवर रोज येतं, अमुक पाला खा, साखर कायमची जाईल. तळाशेजारी तंबू टाकून बसणारे बाटल्या विकतात. खरं-खोटं ओळखायला तीन प्रश्न विचारा. हे सांगणारा कोण आणि तो उद्या इथं सापडेल का? तो काही विकतोय का? चालू गोळ्या बंद करा असं म्हणतोय का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, की हात जोडून पुढं चाला. इन्सुलिन बंद करून बाटली घेतलेली माणसं मी बेशुद्ध होऊन आलेली पाहिली आहेत. शंका आली तर आशा ताईला दाखवा, १०४ ला विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

लेकीबाळींनो, पोरांनो

इथं बारावी झालेली पोरं बसली आहेत. दहा एकरांत चार भाऊ झाले की शेती पुरत नाही. सेवा हा आपल्या संप्रदायाचा धर्म, आणि आरोग्याच्या कामात सेवा आणि भाकरी दोन्ही आहे.

आशा ताईची निवड गावातूनच ग्रामसभेमार्फत होते. तिथं महिन्याचा पगार नसतो, कामाप्रमाणं मोबदला असतो, हे आधीच समजून घ्या. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. बी.एस्सी. नर्सिंगला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र लागतं. या प्रवेशांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा असते, तिचे अर्ज वर्षातून एकदा निघतात, तारीख चुकवू नका. मुलांनाही नर्सिंग करता येतं, त्यात कमीपणा नाही. औषधनिर्माणाची पदविका दोन वर्षांची. रक्त-लघवी तपासणारे प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, स्वच्छता निरीक्षक, असे पुष्कळ रस्ते आहेत. नर्सिंग आणि बीएएमएस झालेल्यांना पुढं समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. शिष्यवृत्तीचे अर्ज 'महाडीबीटी'वर भरतात. वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना पुष्कळ व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफ आहे. आपला अभ्यासक्रम त्यात आहे का, हे प्रवेशाआधी महाविद्यालयात विचारून घ्या.

इथंही फसवणूक आहे. "सहा महिन्यांत नर्स करतो" म्हणणाऱ्या पाट्या तालुक्याला लागलेल्या असतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या बापानं जर्सी गाय विकून अशी फी भरली. हातात आलेल्या कागदावर तिला कुठंच नोंदणी मिळाली नाही. नर्सिंग असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, औषधनिर्माण असेल तर फार्मसी कौन्सिलची आहे का, हे आधी बघा. पैसे नंतर. नोकरीच्या जाहिराती जिल्हा परिषदेच्या आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या संकेतस्थळावर आणि फलकावर लागतात. तिथल्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात, तेही जाणून घ्या. "साहेब ओळखीचे आहेत, एवढे द्या" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

दिंडीकडं मागणं

शताब्दीच्या निमित्तानं दिंडीला तीन गोष्टी मागते.

पहिली, दिंडीच्या पत्रिकेवर जिथं मुक्कामांची यादी छापतो, तिच्याच पाठीमागं हे नंबर छापा आणि प्रत्येक मुक्कामाजवळचा सरकारी दवाखाना लिहा.

दुसरी, भिशी लिहून घेताना प्रत्येक वारकऱ्याची एक चिठ्ठी करा. त्यावर नाव, गाव, घरचा फोन, आजार, चालू गोळ्या आणि कुठलं औषध सोसत नाही ते. ती प्लास्टिकात घालून गळ्यातल्या ओळखपत्रामागं ठेवा. बेशुद्ध माणसाला बोलता येत नाही, चिठ्ठीला येतं.

तिसरी, दर पन्नास माणसांमागं एक तरुण 'आरोग्याचा चोपदार' नेमा. निघायच्या आधी त्याला आरोग्य केंद्रात पाठवून प्रथमोपचार शिकवून आणा. आपल्या केंद्रातली माणसं आनंदानं शिकवतील.

आणि गावी गेल्यावर महिन्यातून एकदा भरणाऱ्या ग्राम आरोग्य व पोषण दिनाला जात जा. गावाची ग्राम आरोग्य समिती असते, तिला थोडा निधीही येतो. त्या समितीत कोण आहे आणि पैसा कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारा. केंद्रात औषध नसेल तर बाहेर शिव्या देऊन उपयोग नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आपण विचारत नाही म्हणून पुष्कळ गोष्टी कपाटात पडून राहतात.

जुन्या माणसांनी आपल्याला गोड पाण्याच्या विहिरी सांगितल्या. आपण पुढच्या पोरांना हे सांगूया. आज रात्री झोपायच्या आधी प्रत्येकानं दोन नंबर शेजाऱ्याकडून पाठ म्हणून घ्यावेत, १०८ आणि १५५३८८. एवढं झालं तरी माझं बोलणं कारणी लागलं असं मी समजेन.

माझ्या चार शब्दांत काही कडू वाटलं असेल तर औषध म्हणून गोड मानून घ्या. सगळ्यांची पुढची वारी निरोगी पायांनी होवो.

राम कृष्ण हरी!